आमच्या ह्यांची दारू

आमच्या चर्चच्या मंडळीत आलेल्या नव्या संदेष्ट्याला म्हणे प्रभू सगळ्यांची गुपितं सांगतो. मला मात्र दाट संशय होता की ती त्याला बायकोकडून कळतात. म्हणून उपासनेनंतर चहा पिताना मी तिला बाजूला घेतलं आणि डोळ्यांना रुमाल लावून म्हटलं, "आमचे हे चोरून पितात हो. कुणाला सांगू नका."

वास्तविक आमचे हे खोकल्याचं औषधसुद्धा नुसता वास घेऊन परत ठेवतात.

पुढच्या रविवारी संदेष्ट्याने डोळे मिटले, हात वर केला आणि गरजला, "प्रभू मला एक बाटली दाखवतोय!" बोट थेट ह्यांच्याकडे. हॉलभर हालेलूया झाला. आता हे उठून ठणकावतील म्हणून मी वाट बघत बसले. कसलं काय! हे मुकाट्याने पुढे गेले. त्याने डोक्यावर हात ठेवून दारूचा दुरात्मा हाकलला, आणि आमचे हे धाडकन आडवे!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर पडताच मी ह्यांना सगळा डाव सांगितला. "बायको कान देते आणि हा तोंड उघडतो. प्रभू मधे कुठेच नाही! पण तुम्ही पडलात कशाला?"

"सगळेच पडतात. एकट्याने उभं राहणं बरं दिसत नाही."

घरी दारात बूट काढताना हे हळूच म्हणाले, "तुझं सगळं खरं असेल गं. पण एक सांगू? मघापासून प्यायची इच्छाच गेलीय."