नरडाण्याची गोष्ट

चिठ्ठी उघडली आणि नाजमीनचा चेहरा उतरला. तिच्या वाट्याला विरोधाची बाजू आली होती.

धुळ्याच्या एका कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, ‘देशाने अतिवेगवान रेल्वेत पैसा घालावा’. जळगावहून नाजमीन आणि असोद्याची मोहिनी अशी जोडी आली होती. नाजमीनने मनापासून तयारी केली होती ती बाजूने बोलण्याची. तिचा थोरला भाऊ दानिश सुरतेपलीकडे त्याच गाडीच्या पुलावर सळया बांधायच्या कामाला होता. खांब किती उंच, वरून नदी कशी दिसते, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. आता त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

मोहिनी आधी बोलली. केळीची कापणी झाली की माल दिल्लीला न्यायला वेळेवर डबे मिळत नाहीत, ते आधी द्या, असं तिनं ठासून सांगितलं. मग नाशिकचा एक मुलगा उठला. “पहिली आगगाडी आली तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल, बैलगाडी काय वाईट आहे?” तो म्हणाला, आणि सभागृह हसलं. टाळ्या थांबेनात.

नाजमीन माइकपाशी गेली तेव्हा तिचे आकडे तिलाच फिके वाटू लागले. समोरच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. हातातून वाळू निसटावी तसं झालं तिला, आणि मग ती ते बोलून गेली.

“माझा भाऊ याच गाडीचा पूल बांधतो,” ती म्हणाली. “गेल्या ईदला तो घरी यायला निघाला. जनरल डब्यात संडासाच्या दाराला चिकटून उभा होता. पण संडासातही माणसं बसली होती. त्याला आत जाता आलं नाही. शेवटी पँटमध्येच... नरडाण्याला उतरून त्यानं फलाटावरच्या नळाखाली पँट धुतली, तोवर गाडी निघून गेली. ज्याच्या हातानं वेगवान गाडी उभी राहतेय, त्याला आधी घरापर्यंत माणसासारखं येऊ द्या. एवढंच मागणं आहे.”

मग लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. परीक्षक बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. जळगावचा पहिला नंबर आला आणि राज्याच्या अंतिम फेरीत जागा मिळाली.

बसमध्ये बसल्यावर मोहिनीने आनंदानं फोन पुढे केला. “पाह्य वं, आपला व्हिडिओ किती जणांनी पाहिला!”

नाजमीनने फोन बाजूला सारला. दानिशने ती गोष्ट फक्त तिला सांगितली होती, गच्चीवर, हसत हसत. सांगून झाल्यावर त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं, हे तिला आत्ता आठवलं.

“काढून टाक,” ती म्हणाली.

“मी काढून काय होईल? कॉलेजनं टाकलाय.”

नाजमीन दानिशला फोन लावत राहिली. फोन बंद. कामावर वर चढताना फोन खाली ठेवावा लागे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती लावत राहिली. पारोळ्याच्या पुढे रस्त्याचं काम चालू होतं, बस मुंगीच्या पावलानं सरकत होती. ती उठून दारापाशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली. कंडक्टर म्हणाला, “ताई, तुम्ही उभ्या राहून गाडी पळायची नाही.” मैत्रिणींचे अभिनंदनाचे संदेश येत होते. प्रत्येक वेळी फोन थरथरला की तिला वाटे, पोचलं. त्याच्यापर्यंत पोचलं.

घरी अम्मी ओट्यावर बसली होती. रहिमाबी, पण सगळा मोहल्ला तिला अम्मीच म्हणे. शेजारच्या बाईनं तिला व्हिडिओ दाखवला होता.

“मला म्हणाला होता, बाटलीतलं पाणी सांडलं,” अम्मी म्हणाली. “मी त्याला रागावले होते गं. एवढा घोडा झाला तरी पाणी सांडतो म्हणून.”

तेवढंच बोलून ती आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दानिशचा फोन जेवणं झाल्यावर आला. आवाज चढलेला नव्हता. “इथे खोलीतल्या सगळ्यांनी पाहिला. कुणी हसलं नाही. हसले असते तर एखाद्याला ठोकला तरी असता. सगळे माझ्याकडे कीव करून बघतायत, नाजो.” मग म्हणाला, “बोललीस मात्र झकास,” आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याने तिचा फोन उचलला नाही. अम्मीशी बोले, तिची चौकशीही करी, पण तिच्याशी नाही.

नाजमीनला कशात चैन पडेना. पुस्तक उघडी, मिटी. अंतिम फेरीची तयारी करायला बसली की कॉलेजातले सर म्हणत, “ते भावाचं मात्र हवंच. तोच आपला हुकमाचा एक्का.” ती मान हलवी आणि उठून जाई. गाडी व्हावी की न व्हावी, हेही तिला आता धड कळेना.

मामाच्या मुलीच्या लग्नाला दानिश येणार होता. रेल्वेनं नाही, सुरतेहून बसनं, धुळ्याला उतरून. अम्मीकडून कळल्यावर नाजमीन कुणाला न सांगता सकाळच्या बसनं धुळ्याला गेली. स्टँडवर तो बॅग खांद्यावर टाकून चहा पीत उभा होता. तिला पाहून त्यानं काही विचारलं नाही. फक्त आणखी एक चहा सांगितला.

जळगावच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. माफी मागायची म्हणून तिनं तोंड उघडलं, तोच पुढच्या बाकावरचे पांढऱ्या टोपीतले म्हातारे वळून अहिराणीत विचारू लागले.

“पोरी, तू ती फोनम्हानी शे ना? रेल्वेवर बोलनारी?”

नाजमीनने जेमतेम मान हलवली. म्हातारे हळहळले, “तो तुना भाऊ, बिचारा!”

“मीच तो,” दानिश म्हणाला.

आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. नाजमीनला वाटलं, बस थांबवून उतरून पळावं. पण म्हातारे, लोटननाना त्यांचं नाव, मोठ्यानं हसले. “मंग लाजानं काय शे त्यामा? मना बी तसंच व्हयनं व्हतं. सुरतनी गाडी, नी मी नवरदेव! नवं धोतर!” त्यांनी पुढचं सगळं हातवारे करून सांगितलं. बस खो-खो हसली. दानिशही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

हसू ओसरल्यावर नाजमीन हळूच म्हणाली, “बघ भाई, कुणाला काही वाटत नाही.”

दानिश खिडकीकडे वळला. “नानांनी स्वतःचं सांगितलं, नाजो. माझं तू सांगितलंस.”

“चुकले,” ती म्हणाली. एरंडोल मागे पडल्यावर तो आपणहून म्हणाला, “बाजूनं बोलायची चिठ्ठी आली तर माझ्या कामाचं सांग. आम्ही बांधलेल्या सळया काँक्रीटमध्ये गडप होतात, कुणाला दिसत नाहीत. पण खांब उभा राहिला की मला त्याच्याकडे बघत बसावंसं वाटतं. मी कधी त्या गाडीत बसेन असं नाही. तरी वाटतं.”

“हे सांगू?”

“हे सांग. याला माझी हरकत नाही.”

अंतिम फेरीत चिठ्ठी पुन्हा विरोधाचीच निघाली. सर खालून खुणा करत होते. नाजमीन मोहिनीच्या केळीबद्दल बोलली, बंद झालेल्या पॅसेंजर गाड्यांबद्दल बोलली, आणि वेळ संपायच्या आधीच खाली बसली. नंबर आला नाही. सर परतीच्या वाटेत तिच्याशी एक अक्षरही बोलले नाहीत.

संध्याकाळी दानिशचा फोन आला. “काय झालं?”

“हरलो.”

“बाजू कुठली होती?”

“विरोधाची.”

“विरोध हरला ना, मग होऊ दे गाडी,” तो म्हणाला आणि हसायला लागला. नाजमीनलाही हसू आलं. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ती मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी बोलत राहिली, आणि एकही बाजू दुसरीला गप्प करू शकली नाही.