थोपटणारा हात

पाळणाघर तपासायला आलेल्या साहेबांनी पाळणे मोजले, खिडक्यांच्या कड्या हलवून पाहिल्या आणि जाताना टेबलावर एक कागद ठेवला. महिनाअखेरपर्यंत मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे मान्यताप्राप्त प्रथमोपचार प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. नसेल त्याने मुलांना हात लावायचा नाही. विषय संपला.

बाईंनी कागद दोनदा वाचला. पाळणाघर त्यांचं, पण स्वतःची त्यांना काळजी नव्हती. त्या शिकलेल्या होत्या, चार पुस्तकं वाचून कुठलीही परीक्षा दिली असती. काळजी होती मावशींची. मावशी इथे एकोणीस वर्षं होत्या. रडून रडून लालबुंद झालेलं पोर त्यांच्या मांडीवर आलं आणि पाठीवर चार वेळा थोपटलं की गप्प. पण मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पगाराच्या कागदावर आजही अंगठा. आणि परीक्षा म्हटली की पेपर आलाच.

"मुलांना हात नाही लावायचा, तर मग मी इथे येऊन करू काय, बाई?" मावशी म्हणाल्या. दहा महिन्यांची ढब्बू त्यांच्या खांद्यावर झोपली होती, म्हणून त्या हळू बोलत होत्या, एवढंच. डोळे भरून आले होते.

"मी बघते," बाई म्हणाल्या. बघते म्हणायला काय जातं!

बाईंची नणंद अशा वेळी हमखास टपकते. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला शॉर्टकट. "वहिनी, कशाला डोक्याला ताप? मोबाइलवर कोर्स आहे. दोन तास, वीस प्रश्न, लगेच प्रमाणपत्र. मावशींच्या नावाने बटणं मी दाबते. हाय काय नि नाय काय!"

खोटं कशाला बोला, बाईंना मोह झाला. नणंदेने दाखवलेल्या कोर्सच्या पानावर ठळक अक्षरांत 'मान्यताप्राप्त' लिहिलं होतं, आणखी काय हवं? पण बाईंना शेवटची ओळ वाचल्याशिवाय चैन पडत नाही. शिकवणारी संस्था एक, मान्यता देणारी दुसरी, आणि दोघींचा फोन नंबर मात्र एकच!

"वन्सं, ही मंडळी स्वतःच स्वतःची पाठ थोपटून घेताहेत."

"साहेब काय नंबर जुळवत बसणार आहेत?"

"साहेबांचं सोडा. उद्या एखाद्या पोराच्या घशात काही अडकलं, तर मावशी बटणं दाबणार आहेत का?"

नणंद फुरंगटून गेली.

बाईंनी थेट त्या साहेबांच्या कार्यालयाला फोन लावून मान्यता असलेल्यांची यादीच मागवली. गावात तिघेच निघाले. पहिला कारखान्यातल्या लोकांना शिकवायचा. शॉक, भाजणं, तुटलेलं बोट. "आणि तान्ही मुलं?" बाईंनी विचारलं. "तेच सगळं, फक्त जरा हळू करायचं," तो म्हणाला. बाईंनी फोन ठेवला. दुसरीकडे तान्ह्या मुलांचं शिकवत होते, पण पन्नास मार्कांचा लेखी पेपर. तिसरी एक निवृत्त सिस्टर होती, आवाज करवतीसारखा.

"बाळाची बाहुली आहे का सरावाला?"

"चार आहेत."

"आणि परीक्षा कशी?"

"हाताने करून दाखवायचं, तोंडाने सांगायचं. जीव वाचवताना काय निबंध लिहायचाय?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर नापास. भीड म्हणून मी कुणाला पास करत नाही."

बाई धास्तावल्या, पण दोघींची नावं तिथेच नोंदवली.

दोन दिवसांचा वर्ग. पहिल्या दिवशी मावशींनी कमाल केली. भाजलं तर थंड पाणी, रक्त आलं तर दाब, ताप, फिट, सगळं एकदा ऐकलं की पाठ. दुसऱ्या दिवशी घशात काही अडकल्याचा धडा आला. सिस्टरने बाहुलीच्या घशात प्लॅस्टिकचा वाटाणा बसवला. बाळाला पालथं हातावर घ्यायचं, डोकं खाली, हनुवटीला आधार, आणि तळहाताने पाठीवर पाच जोरदार फटके.

मावशींनी बाहुली अगदी बिनचूक धरली आणि थोपटली.

"जोरात."

मावशींनी पुन्हा थोपटलं.

"मावशी, असं केलंत तर बाळ झोपेल. वाचणार नाही."

वर्ग हसला. मावशी हसल्या नाहीत. "एकोणीस वर्षांत एका पोरावर हात उगारला नाही मी," त्या म्हणाल्या. "माझ्याच्याने नाही व्हायचं." तिसऱ्यांदाही हात तसाच, मऊ. सिस्टरने वहीत फुली मारली. बाईंना वाटलं, आपल्याच हाताने मावशींचं वाटोळं केलं. कशाला शहाणपणा केला? मोबाइलवरचं प्रमाणपत्र आज भिंतीवर लागलं असतं!

बाकीच्यांची परीक्षा संपल्यावर सिस्टरने बाहुली पुन्हा मावशींच्या हातात दिली. "शेवटची संधी. कोण आहे ही?"

"बाहुली."

"नाही. तुमच्याकडचं नाव सांगा."

मावशींनी बाहुलीचं डोकं हातावर सावरलं. "ढब्बू."

"ढब्बूच्या घशात बटण अडकलंय. आवाज बंद, ओठ निळे पडताहेत. सहा वाजता तिची आई न्यायला येणार. तिला काय सांगणार? मी हळूच थोपटलं?"

मावशींनी बाहुली पालथी घेतली, डोळे उघडे ठेवले आणि फटका मारला. दुसरा, तिसरा. चौथ्याला वाटाणा टणकन उडून बाकाखाली गेला. मावशींनी बाहुली छातीशी धरली आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडल्या. सिस्टरने फुली खोडली. "पास," ती म्हणाली, नेहमीच्याच आवाजात.

सोमवारी बाईंनी दोन्ही प्रमाणपत्रं दाराशेजारी लावली. मावशींनी बाईंकडून त्यावरचा शब्दन् शब्द वाचून घेतला, 'मान्यताप्राप्त' तर दोनदा. तेवढ्यात ढब्बूची आई आली आणि ढब्बूला त्यांच्याकडे देऊन घाईघाईने कामावर गेली.

मावशींनी ढब्बूचं झबलं हळूच वर केलं आणि पाठ नीट पाहिली. कुठेही वळ नव्हता. तरीही दिवसभर, येता-जाता, त्या ती पाठ चोळत राहिल्या.