सरासरी एकोणीस दिवस

सकाळी साडेदहाला साहेब आत शिरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सरासरी किती?" नमस्कार-चमत्कार, चहापाणी सगळं त्यानंतर. म्हणून अख्खं ऑफिस त्यांना पाठीमागे सरासरीसाहेब म्हणायचं. उत्तर द्यायचं काम आवकताईचं. ती बावीस वर्षं आवकच्या खिडकीत बसत होती. येईल तो अर्ज घ्यायचा, त्याला नंबर द्यायचा, तारखेचा शिक्का मारून पोच हातात ठेवायची. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच सुखात होतं.

हे ऑफिस कारखान्यांना परवाने देणारं. पूर्वी एका परवान्याला आठ महिने लागत आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसे. मग वरून हुकूम आला. बाहेरचा पैसा देशात यायला हवा, धंदा करणं सोपं व्हायला हवं, बाहेरचे लोक येऊन दिवस मोजणार आहेत, तेव्हा परवाना एकवीस दिवसांच्या आत. झालं. भिंतींना रंग लागला, दारात झाडांच्या कुंड्या आल्या, टोकन देणारं एक यंत्र आलं आणि महिन्याभरात बंद पडलं. माणसं मात्र होती तेवढीच. खरं तर एक कमी, कारण जागेची तपासणी करणारा निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची भरायचं राहून गेलं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात, तो प्रकार. तरी प्रवेशद्वाराशी मोठा फलक लागला: अर्ज ते परवाना, सरासरी एकोणीस दिवस.

आता आठ महिन्यांचे एकोणीस दिवस झाले कसे? त्याला काही मोठी अक्कल लागत नाही. दिवस मोजायला सुरुवात होते कॉम्प्युटरवर आवक नंबर पडल्यापासून. मग नंबरच द्यायचा नाही. अर्ज ठेवून घ्यायचा, "कागद पूर्ण झाले की नंबर पडेल" असं सांगायचं आणि फाईल मागच्या खोलीत नेऊन ठेवायची. या खोलीला ऑफिसात माहेर म्हणत. अमक्याची फाईल कुठं आहे, तर माहेरी आहे. सगळी प्रमाणपत्रं गोळा झाली की तिला नंबर पडायचा आणि मग ती एकोणीस दिवसांत सासरी जायची. माहेरात तीनशेच्या वर फायली होत्या. कपाटं भरल्यावर मोडक्या खुर्च्यांवर, त्याही भरल्यावर जमिनीवर. त्यातल्या काहींचे अर्जदार कंटाळून दुसऱ्या धंद्याला लागले होते, एक तर देवाघरी गेला होता. फाईल आपली माहेरी निवांत.

आवकताईला पहिले सहा महिने याचा संताप यायचा. मग संतापाचाही कंटाळा आला. संतापायलाही अंगात काही असावं लागतं, आणि तिचं सगळं खिडकीतच संपून जायचं. एक गोष्ट मात्र तिने सोडली नव्हती. बाकीचे अर्जदाराला "होऊन जाईल, पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून कटवायचे. ती सरळ सांगायची, "नंबर पडलेला नाही. कधी पडेल ते मला माहीत नाही." त्यामुळे लोक तिच्याच खिडकीशी यायचे. खोटी आशा घेऊन जाण्यापेक्षा खरी निराशा बरी वाटणारे लोक असतात.

अशांपैकी एक साबणवाली. नवरा गेल्यावर घरात कपड्यांच्या साबणाच्या वड्या पाडायला लागली, आता तिला आठ बायकांना हाताशी धरून छोटा कारखाना टाकायचा होता. नऊ महिन्यांपूर्वी अर्ज दिला. तिची अडचण अशी, की हे ऑफिस म्हणे प्रदूषणवाल्यांचं प्रमाणपत्र आणा, मग नंबर. आणि प्रदूषणवाले म्हणत आवक नंबर आणा, मग प्रमाणपत्र. ती दर गुरुवारी यायची. बाजूला माल पोचवायचा असे, तो पोचवून रिकामी पिशवी घडी करत खिडकीशी उभी राहायची.

"काय ताई, माझी पोरगी अजून माहेरीच का?"

"माहेरीच."

"बरं. तुम्ही निदान तोंडावर सांगता."

तिच्या हातांना सोड्याने भेगा पडलेल्या असत. यंत्र आणून ठेवलंय, त्यावर चादर घातलीय, असं तिने एकदा सांगितलं होतं.

हे झालं परक्यांचं. घरचं वेगळंच त्रांगडं होतं.

आवकताईचा धाकटा भाऊ फिटर. वीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात हात काळे केले, आणि चाळिशीत त्याच्या मनाने घेतलं की आता स्वतःचं करायचं. दवाखान्यातल्या खाटांना खाली जी चाकं असतात, ती तो बनवणार होता. चाकं तो अशी बनवायचा की खाट एका बोटाने ढकलावी आणि आवाज होऊ नये. औद्योगिक वसाहतीत त्याला एक शेडही मिळाली. सोडतीत नाव लागलं होतं, पुन्हा लागेल याची काही खात्री नाही. अट एवढीच की शेड मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत परवान्याचा अर्ज दाखल झालेला हवा, नाहीतर शेड यादीतल्या पुढच्या माणसाला.

अर्ज त्याने वेळेत भरला. पाचव्या आठवड्यातच भरला. बहिणीकडे जेवायला आला होता, हात धुतले आणि फाईल तिच्यापुढे ठेवली. "अक्का, ही तुझ्याकडे." तिने ती सकाळी डब्याबरोबर पिशवीत टाकून ऑफिसात नेली. अग्निशमनवाल्यांचा दाखला नव्हता, म्हणून रीतसर माहेरी ठेवली. घरचं म्हणून मागच्या दाराने काही करायचं नाही, हा तिचा जुना बाणा. तिथपर्यंत ठीक होतं.

पण सगळ्या जगाला तोंडावर सांगणारी ही बाई भावाला मात्र बोलली नाही. दाखला येईल, मग नंबर पडेल, उगाच कशाला त्याच्या डोक्याला घोर, असं म्हणत एक महिना गेला, दोन गेले. त्यानेही पोच मागितली नाही. स्वतःच्या बहिणीकडून पोच कोण घेतो? तो आपला शेडमध्ये लेथ बसवत होता, चार कारागिरांना शब्द देत होता, आणि फाईल अक्काच्या हातात दिली म्हणजे पोचली, अशा समजुतीत रात्री गाढ झोपत होता.

मंगळवारी दुपारी तो खिडकीशी आला. हातात वसाहतीचं पत्र. शुक्रवारपर्यंत आवक नंबर दाखवा, अन्यथा वाटप रद्द.

"अक्का, नंबर तेवढा सांग. मी लिहून घेतो." त्याने खिशातून पेनही काढलं.

तिला त्याच्याकडे बघवेना. "नंबर नाही पडला रे."

"म्हणजे? तुला देऊन पाच महिने होतील आता."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मला वाटलं तुझ्याकडे दिली म्हणजे झालं," एवढंच म्हणाला. पेन खिशात ठेवलं आणि बाकावर जाऊन बसला.

आणि नेमका त्याच आठवड्यात दुष्काळात तेरावा महिना होता. गुरुवारी ते दिवस मोजणारे पाहुणे येणार होते, आणि साहेबांनी सोमवारपासून नवे नंबर बंद केले होते. आकडा एकोणिसावर थिजवून ठेवायचा होता. पुढच्या सोमवारपर्यंत एकही नंबर पडणार नव्हता, आणि शेड शुक्रवारी जाणार होती.

बावीस वर्षांत पहिल्यांदा ती घरच्या कामासाठी साहेबांच्या केबिनमध्ये गेली. पत्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याही वर एक साहेब होता आणि तोही रोज सकाळी सरासरीच विचारायचा. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"एकाला दिला तर बाकीच्यांनी काय पाप केलंय, ताई?"

"काही नाही केलं," ती म्हणाली. "त्यांनाही द्यायला हवेत."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, "पाहुणे खिडकीवरही विचारतात म्हणे. मागच्या खेपेला दुसऱ्या ऑफिसात शिपायालासुद्धा विचारलं. तुम्हाला विचारलं, की अर्ज आला की नंबर कधी पडतो, तर काय सांगाल?"

"जे आहे ते."

"हं." त्यांनी पत्राची घडी घातली आणि ते आपल्या खणात ठेवलं. "हे राहू दे माझ्याकडे. गुरुवारी चारनंतर बघू. पाहुणे गेल्यावर. सगळं नीट पार पडलं तर."

ती उठली. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी भावाच्या शेडवरून वाट वाकडी करून गेली. तो एका चाकाला तेल देत होता. तिला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला, आणि नंबराचा विषयच काढला नाही. तिला वाटलं, याने एकदा तरी विचारावं, काय झालं म्हणून. त्याने चाक फिरवून दाखवलं. ते बराच वेळ फिरत राहिलं.

गुरुवारी अकराला पाहुणे आले. दोन पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक दुभाष्या. माहेराच्या दाराला कुलूप होतं आणि दारापुढे कुंडी. बाहेर बाकावर साबणवाली घडी केलेली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. साहेब चारनंतर भेटतील, असं शिपायाने तिला सांगून टाकलं होतं, आणि ती थांबली होती.

पाहुण्यांतली बाई खिडकीशी आली. वही उघडून काहीतरी बोलली. बोलताना हसली, चांगली बाई वाटली.

दुभाष्या म्हणाला, "बाई विचारताहेत, अर्ज आल्यावर नंबर किती दिवसांनी देता?"

साहेब दोन पावलांवर उभे होते आणि कुंडीतल्या झाडाकडे बघत होते. आवकताईला समोरचा बाकही दिसत होता. साबणवालीने मान वर केली होती. या खिडकीतून खोटं निघत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून ती जरा पुढे सरकून कान देऊन ऐकत होती. आज कुणीतरी विचारलं आणि आता सगळं बाहेर येणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"त्याच दिवशी," आवकताई म्हणाली.

दुभाष्याने सांगितलं. बाईने लिहून घेतलं, मान डोलावली, पुढच्या टेबलाकडे गेली. एवढ्यात संपलं. आवकताईला वाटलं होतं जीभ अडखळेल, घाम फुटेल. काही झालं नाही. फक्त फार थकवा आला, आणि बाकाकडे बघायचं तिने टाळलं.

दीडला पाहुणे जेवायला गेले ते तिकडूनच परस्पर निघाले. चारला साहेब केबिनच्या दारात आले. आवाज एकदम मोकळा होता. "ताई, ते टाकून घ्या."

तिने कुंडी सरकवली, कुलूप काढलं, माहेरातून भावाची फाईल आणली, कॉम्प्युटरवर नंबर टाकला. चार मिनिटांचं काम. पोच छापली, शिक्का मारला, भावाला फोन केला. तो पलीकडून म्हणाला, "अक्का, मी आलोच." तिचा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, ते खोटं म्हणता येणार नाही.

तिने मान वर केली तर साबणवाली खिडकीशी उभी होती.

"ताई, सकाळी तुम्ही त्या बाईंना म्हणालात, त्याच दिवशी नंबर देतो."

"हो."

"मग माझा सांगा ना. मी आले होते त्या दिवशीचा." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच वाईट होतं. तिला खरोखर वाटलं होतं, की आजवर आपल्यालाच काही चुकीचं कळलं असेल. "तेवढा कागद मिळाला की मी प्रदूषणवाल्यांकडे जाते. ते साडेपाचपर्यंत असतात."

आवकताईने पोच उलटी करून ठेवली. मग तिला त्याचीही लाज वाटली आणि ती पुन्हा सुलटी केली.

"तुमचा नंबर नाही पडलेला. सकाळी मी खोटं बोलले."

साबणवालीने पिशवीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली.

"माझ्या भावाची शेड उद्या जाणार होती. त्याचा नंबर हवा होता. हा आत्ता काढला तो त्याचाच."

आत साहेब फोनवर कुणाला तरी हसून एकोणीसचा आकडा सांगत होते.

"झालं का मग त्याचं काम?" साबणवालीने विचारलं.

"झालं."

"बरं झालं. कुणाचं तरी झालं."

तिने पिशवी काखेत मारली आणि पदर नीट केला. नऊ महिने ती दर गुरुवारी जाताना खिडकीच्या कडेला हात ठेवून विचारायची, आता कधी येऊ? आवकताई उत्तराची जुळवाजुळव करत बसली होती. पण साबणवाली तशीच फलकाखालून बाहेर पडली. कधी येऊ, हे तिने विचारलं नाही.