मॉरिशस, भातसामार्गे

"डावीकडं घ्या रे जरा. काकूंचं तोंड लिंबाच्या फांदीमागं जातंय."

जयराम खाली उभा राहून हुकूम सोडत होता आणि दोन पोरं लिंबावर चढून फ्लेक्स बांधत होती. सावळाराम आणि शकू रस्त्याच्या कडेला उभे राहून स्वतःलाच वर चढताना बघत होते. 'मॉरिशस दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा.' वरच्या कोपऱ्यात विमान होतं, पण ते लढाईचं. छापणाऱ्याकडं दुसरं नव्हतं. खाली नारळाची झाडं, मधे हे नवराबायको पोस्टाच्या तिकिटाएवढे, आणि चहूबाजूंनी गॉगल लावलेले शुभेच्छुक. सगळ्यात मोठा जयराम. त्याला यंदा ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जयरामच मॉरिशसला चाललाय आणि हे दोघं त्याला सोडायला आलेत.

"माझं नाक केवढं आलंय वो," शकू म्हणाली.

"तेवढंच आलंय. बाकी कुठं दिसतोय आपण?"

सावळारामची सगळी नोकरी भातसा धरणावर पाण्याची राखण करण्यात गेली. पाणी मुंबईचं, शिट्टी सावळारामची. त्या पाण्याखाली शकूचं माहेर होतं, खोरवाडी. मे महिना आला की गावातल्या बायका पिशव्या भरून माहेरी निघत. शकू धरणाच्या भिंतीपर्यंत नवऱ्याचा डबा घेऊन जाई, घटकाभर पाण्याकडं बघे आणि रिकामा डबा घेऊन परत येई. तक्रार कधी केली नाही. ती नव्हती करत म्हणूनच सावळारामला पाण्याकडं सरळ बघवत नसे.

मग दोन वर्षांमागं एका संध्याकाळी टीव्हीवर एक बेट दाखवलं. शकू भाजी निवडायची थांबली.

"चारी बाजूंनी पाणी, आणि मधे माणसं राहतात. बुडत कशी नाय?"

"बघायला जाऊ," सावळाराम म्हणाला. बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण खरंच बोललोय.

आसनगावला तिकिटांचं दुकान चालवणारा भाचा विपुल म्हणाला, "मामा, मॉरिशसला जावा. तिथं मराठी माणसं हायेत. गणपतीपण बसवतात." मग काय, घरात मॉरिशस शिरलं ते शिरलंच. शकूनं म्हशाच्या जत्रेतून गवताची मोठी हॅट आणली आणि ती घालून ती तांदूळ पाखडायला बसू लागली. दिवेलागणीला अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायच्या, कमरेला टॉवेलाचा पट्टा बांधायचा आणि उडायचं. माहुलीचे सुळके खालून निळे निळे सरकत जायचे.

"खिडकी मला पायजे," सावळाराम म्हणायचा.

"तुमाला जन्मभर चौकीची खिडकी होती. आता माझा नंबर."

अशी ती दोघं किती तरी वेळा मॉरिशसला जाऊन परतही आली. भात उतू जायला लागला की विमान उतरायचं.

निघायच्या आदल्या दिवशी मारुतीच्या देवळात सत्कार झाला. शाल झाली, भाषण झालं. मग जयराम म्हणाला, "पासपोर्ट आणलेत ना? पूजा करू." ट्रॅक्टर नवा आला की पूजा, पाण्याची मोटर नवी आली की पूजा, पासपोर्टानं काय पाप केलंय? दोन्ही पासपोर्ट पाटावर, तांदळाच्या राशीवर, एकावर एक उघडे ठेवले.

"स्वस्तिक आत काढा, फोटोवर. गुण माणसाला लागला पायजे."

हळद झाली, कुंकू झालं. आरती ऐन रंगात आली, जयरामनं ताट जरा जोरातच फिरवलं, आणि पेटलेली कापराची वडी घरंगळून बरोब्बर फोटोंवर बसली. शकूनं हात पुढं केला तोवर मोठं भोक पडलं होतं. विझवायला जयरामनं पूजेचाच नारळ फोडून वर ओतला. लोकांना वाटलं, विधीच आहे. टाळ्या पडल्या.

दुपारी विपुल आला. त्यानं पासपोर्ट दोन बोटांत धरला, भोकातून मामाकडं बघितलं.

"मामा, हे घेऊन गेलात तर दारातनंच परत पाठवतील."

"घासून निघंल का?" शकूनं विचारलं.

"मामी, हळद निघंल. भोकाचं काय करू?"

नवे पासपोर्ट हाती यायला वेळ लागणार होता. सकाळी मात्र जीप सजणार होती, बँजो सांगितलेला होता, लिंबावर फ्लेक्स होता. गाव हसलं असतं तर सावळारामनं सोसलं असतं. त्याला खुंटीवरच्या हॅटकडं बघवेना.

"शकू, मी तुला नेतो म्हटलं होतं गो."

शकू लुगडी घडी करून बॅगेत भरत होती. ती थांबलीच नाही.

"मग न्या की. चारी बाजूंनी पाणीच पायजे ना? मला एक बेट म्हाईत हाय."

आणि तिनं भाकऱ्या थापायला घेतल्या.

सकाळी हार, बँजो, गुलाल. जयरामनं जीपच्या टपावर थाप मारली. विपुलनं लोकांसाठी म्हणून गाडी हायवेला मुंबईच्या दिशेनं पिटाळली, आसनगावला चहा पाजला आणि मागच्या वाटेनं धरणाच्या फुगवट्याला आणून सोडली. काठाला होडी घेऊन पोश्या बसला होता. याच पोश्याला मासे धरतो म्हणून सावळारामनं वर्षानुवर्षं शिट्ट्या मारून पळवलं होतं. सावळारामच्या गळ्यातले हार त्यानं नीट बघून घेतले.

"सायेब, फ्लेक्स बघितला मी. पासपोर्ट हाय का?"

"जळला रे."

"मग बसा."

होडी आवाज न करता निघाली. उन्हाळ्यानं पाणी खूप उतरलं होतं, आणि मधोमध टेकडी वर आली होती. बॅगा उतरवल्या, करवंदीच्या जाळीशी विपुलची मच्छरदाणी बांधली. तेवढ्यात फोन वाजला. इथं रेंज चांगली होती.

"पोचलात का काका?" जयराम.

"पोचलो," सावळाराम म्हणाला.

"फोटो टाका ग्रुपवर."

हॅट घातलेली शकू, मागं निळंशार पाणी. उत्तर लगेच आलं. 'अप्रतिम. आपल्याकडं असं पाणी कुठं?'

शकू हसली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग उठून ती उताराला लागली. पाणी ओसरलेल्या जागी भेगाळलेल्या चिखलातून दगडी जोती वर आली होती.

"हे रंगूआत्याचं. इथं गोठा. आमचं त्या पलीकडं, अजून पाण्यात हाय. उंबरठा तेवढा दिसतोय, बघा."

ती त्या उंबरठ्याच्या अलीकडं उभी राहिली. आत जाईना. सावळारामला आधी कळलं नाही, ती कशासाठी थांबली. मग कळलं.

"थांब गो, आत नको जाऊस अजून."

त्यानं वर जाऊन फडक्यातली भाकरी आणली. तुकडा मोडला. हे काम बायकांचं, त्यानं कधी केलेलं नव्हतं. हात कुठून कुठं फिरवायचा तेही धड ठाऊक नव्हतं. तरी त्यानं तो तिच्यावरून ओवाळला आणि लांब टाकला. पाण्यात बारके मासे गोळा झाले. मग तो वाकला आणि ज्या पाण्याची त्यानं जन्मभर राखण केली, तेच ओंजळीत घेऊन त्यानं तिच्या पायांवर घातलं.

शकूनं हॅट काढून त्याच्या हातात दिली, डोक्यावरून पदर घेतला, आणि उजवा पाय आधी टाकून आत गेली.