चौकटीखालचे निळे पाणी

माझ्या लाँड्रीच्या माडीवर माझे सासरे आमच्यासह वास्तव्य करतात. परंतु दुकानातून जाताना ते नाकाला रुमाल लावतात. त्यांच्या खोलीत नदीकाठच्या एका खेड्याचे, एकोणिसाव्या शतकात जलरंगांत काढलेले चित्र आहे. त्यातील तांबड्या कौलांचे दुमजली घर त्यांच्या पणजोबांचे. "आमच्या घराण्यात कोणी परक्यांची धुणी धुतली नाहीत, जावईबापू," हे वाक्य मी विवाहापासून ऐकत आलो.

त्यांचे कचेरीतले जुने स्नेही चहास येणार, म्हणून चित्राभोवतीची बुरसलेली पुठ्ठ्याची चौकट बदलण्याचे काम त्यांनी मजवर सोपविले. इस्त्रीच्या टेबलावर मी ती अलगद सोडविली. तीन बाजूंस ती बोटभर रुंद होती, खाली मात्र वीतभर. त्या वीतभर पुठ्ठ्याआड उजेड न लागलेली नदी होती. वरचे पाणी विटून चहासारखे झालेले. हे मात्र गर्द निळे! आणि काठावर, त्याच दुमजली घराला टेकलेली पडवी. भट्टीवर उकळणारे हंडे, दगडावर कपडे आपटणाऱ्या बाया, आणि दहा घरांना पुरून उरतील इतक्या चादरी दोरीवर.

मी पत्नीला हाक मारली. तिच्यामागून सासरेही आले, आणि पांढरेफटक पडले.

"झाका ते. होता तसाच पुठ्ठा कापा."

"नाही कापणार," मी म्हणालो. त्यांना नाही म्हणण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग.

"चित्र माझं आहे!"

"चित्र तुमचंच, बाबा. कात्री माझी आहे."

"बघितलंस गं? तोंड वर करून बोलतोय तुझा नवरा!"

पत्नी म्हणाली, "बाबा, एक काय ते ठरवा. घर आपलं असेल तर पडवीसकट आपलं. नसेल तर तसं उद्या पाहुण्यांना सांगा. पुठ्ठा मी स्वतः लावते."

ते घर त्यांच्याने सोडवेना. पाय आपटीत ते माडीवर गेले.

दुसऱ्या दिवशी संपूर्ण चित्र नव्या काचेआड बैठकीत झळकले. एका स्नेह्याने विचारले, "यातलं तुमचं घर कोणतं हो?" सासरे उठले. एक बोट त्यांनी तांबड्या कौलांवर ठेविले, आणि दुसऱ्या हाताचा पंजा, सहज टेकल्यासारखा, पडवीवर. तसेच ते उभे राहिले. चहा निवत चालला.

"बाबा, हात काढा," पत्नी म्हणाली. "काचेवर डाग पडतील."

मी इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभा होतो. तो हात निघेपर्यंत मी तेथून हलणार नव्हतो.