चार चौकटींतली मनुबाई

श्रद्धाने कॉम्प्युटरच्या पडद्याच्या वरच्या कडेवर बोट टेकवलं आणि चित्र खाली उतरायची वाट पाहू लागली. आधी आभाळ आलं, मग कौलं, मग मनुबाईच्या डोक्यावरचा पदर. तोंड दिसायच्या आतच फोनची लाइन तुटली. अर्धवट आलेलं चित्र तसंच राहिलं.

कॅफेच्या मालकाने काउंटरवरूनच हात केला, म्हणजे पुन्हा जोडतो, बसा. ती बसली. हा इंटरनेट कॅफे विश्रामबागेत नवीन निघाला होता. तीन कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडच्या भिंती आणि आत चपला घालून यायला बंदी. नव्याण्णव साली सांगलीत इंटरनेट बघायला येणारे बहुतेक जण परदेशातल्या मुलाची मेल वाचायला यायचे. श्रद्धा मात्र स्वतःचीच गोष्ट बघायला यायची.

एरवी दिवसभर ती गावभागातल्या एका डीटीपी सेंटरमध्ये लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं टाइप करायची. कॉलेजपासून तिला चित्रकथा लिहायची होती. ऋषिराज वर्गातला. कुपवाडला एका कारखान्यात मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायचा आणि घरी आला की माणसं काढायचा. दोघांनी मिळून मनुबाई उभी केली होती. जावळीच्या डोंगरातली, जिभेने तिखट, म्हशीशी बोलणारी बाई. चार चौकटींत एक प्रसंग. गोष्ट श्रद्धाची, चित्र ऋषिराजचं, आणि फुग्यातली अक्षरं पुन्हा श्रद्धाच्या हातची. रविवारच्या पुरवणीत जागा नाही, असं दोन वर्तमानपत्रांनी सांगितल्यावर ऋषिराजनेच फुकट जागा देणारी एक साइट शोधून काढली. चित्र स्कॅन करून चढवलं की अक्षरांचीही अडचण नव्हती. मराठी फाँट कुणाकडे असो नसो, मनुबाई दिसायची.

आणि ती दिसत होती. दुबईत, मेलबर्नला, अमेरिकेत. लोक रोमन अक्षरांत मराठी मेल पाठवायचे. त्या वाचताना श्रद्धाचे ओठ हलायचे. सुरुवातीला तिला त्यात फार आनंद व्हायचा. अलीकडे ती मेल उघडायच्या आधी खुर्ची मागे सारून बसायची.

कारण सगळ्यांना तेच हवं होतं. चुलीवरची भाकरी हवी होती. कैऱ्या, जत्रा, झोपाळा हवा होता. कुणी विचारायचं, मनुबाईच्या अंगणात तुळस का नाही? कुणी लिहायचं, आमची मुलं इथे वाढतात, त्यांना आपलं गाव कळायला हवं, जरा गोड प्रसंग घ्या.

लाइन पुन्हा जोडली गेली. आज एक मोठी मेल होती. अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाच्या सचिवांची. ते मूळचे साताऱ्याचे. मंडळ गणपतीला मनुबाईचं छापील पुस्तक काढायला तयार होतं, जाड कागद, रंगीत मुखपृष्ठ, आत दोघांची नावं. विनंती एवढीच होती की काही भाग गाळावेत. त्यांनी त्या भागांची यादी दिली नव्हती, फक्त लिहिलं होतं, ‘दाताच्या भागासारखे. ते वाचून वाईट वाटतं.’

दाताचा भाग तिचा सगळ्यांत आवडता होता. पहिल्या चौकटीत मनुबाईची दाढ दुखते, पण म्हैस व्यायला झालेली. दुसरीत गाल सुजलेला, पण पोराची परीक्षा. तिसरीत फडकं बांधलेलं, पण दारात पाहुणे. चौथीत दाढ आपोआप पडते आणि मनुबाई ती तळहातावर घेऊन म्हणते, ‘बरं झालं बाई, तुलाच सवड मिळाली.’ ही शेवटची ओळ सापडायला श्रद्धाला आठवडा लागला होता.

ऋषिराज संध्याकाळी सेंटरवर आला तेव्हा तिने त्याला मेलची प्रत वाचायला दिली. त्याने ती उभ्याउभ्याच दोनदा वाचली. वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो तिला आवडला नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. पुस्तक निघतंय. चार-पाच भाग गाळले तर काय बिघडतं, साइटवर ते राहणारच आहेत. कारखान्यात तो नटबोल्ट काढून कंटाळला होता, आणि कोरेगावला घरी वडील अजून विचारत होते की ही चित्रं नक्की कुठे असतात, हातात धरता का येत नाहीत.

"ते भाग गाळले की मनुबाई उरतच नाही," श्रद्धा म्हणाली. "कॅलेंडरवरची बाई उरते."

"तुला दुःखच खरं वाटतं, श्रद्धा. तेही एक कॅलेंडरच आहे."

तिने कीबोर्डवरचं प्लास्टिकचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ऋषिराज स्कूटरची किल्ली उचलून गेला.

त्या शनिवारी ती सगळ्या भागांच्या प्रती प्लास्टिकच्या पिशवीत घालून मेढ्याला गेली. तिथे तिची थोरली चुलती राहायची, दगडाबाई. घरातली पोरं तिला नानी म्हणायची. श्रद्धाचे वडील नोकरीसाठी कुपवाडला आले आणि तिथेच राहिले, पण शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिने नानीकडे काढल्या होत्या. चुलते लालासाहेब त्या काळात पलटणीत असायचे, आज आसाम, उद्या पठाणकोट. शेत, म्हैस, दोन पोरं आणि सासू, सगळं नानीच्या अंगावर. मनुबाई कुठून आली हे श्रद्धाने कुणाला सांगितलं नव्हतं. ऋषिराजलाही अर्धंच सांगितलं होतं. नानीला तर काहीच नाही.

गाडीत बसल्या-बसल्या तिने मनात सगळं ठरवून टाकलं होतं. नानी बघेल, ओळखेल. तिला पटलं की मग अमेरिकेला काय लिहायचं ते अवघड नाही.

नानी पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. लालासाहेब रिटायर होऊन आले होते, पण या वेळी ते चौकात असायचे. नानीने पाणी दिलं, सांगलीची चौकशी केली, लग्नाचं विचारलं आणि पुन्हा सूप ओढलं. श्रद्धाने प्रती काढून तिच्यासमोर मांडल्या. नानी चौथीपर्यंत शिकलेली. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि एकेक अक्षर जुळवत वाचायला लागली. मध्येच थांबून चित्रातल्या म्हशीची शिंगं बघायची. चुलीच्या भागावरून तिने लवकरच पान उलटलं. कैऱ्यांच्या भागावर थोडी रेंगाळली.

दाताच्या भागाशी ती आली तेव्हा श्रद्धा तिच्या तोंडाकडेच बघत होती. नानी हसली. मोठ्याने हसली, आणि हसता हसता हात तोंडावर गेला. डाव्या बाजूची मोकळी जागा झाकायला तो हात नेहमीच जायचा.

"ही मीच हाय न्हवं?"

श्रद्धाने मान हलवली. आपण बरोबर होतो, असं तिला वाटलं. तिने घाईघाईने सगळं सांगितलं. परदेशातले लोक, पुस्तक, गाळायचे भाग. तिकडच्यांना हे वाचून वाईट वाटतं म्हणे. पण हे खरं आहे, म्हणून ती ते गाळणार नाही.

नानीने पानं गोळा करून त्यांच्या कडा नीट जुळवल्या.

"खरं मला ठावं हाय की, पोरी. त्ये वाचून मी काय करू?"

नानीने वरच्या पानावरच्या मनुबाईवर बोट ठेवलं.

"ह्या बाईला काय हुतंय, काय न्हाई, ते कोण ठरवतं?"

"मी."

"मग सगळं तुज्या हातात हाय, आन् तू परत तिची दाढच दुकवतीस व्हय?" नानी हे चिडून म्हणाली नाही. तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं होतं. "येक दिस तिला ऊन येईस्तवर झोपू दे. कुनी उटवू नगा."

एवढं बोलून ती तांदळातले खडे बघायला लागली. श्रद्धाने विषय पुन्हा काढून पाहिला, गोष्टीत काहीतरी घडायला लागतं, नुसती झोपलेली बाई कोण बघेल, असंही म्हणाली. नानी "व्हय व्हय" म्हणत राहिली. बोलता बोलता गोठ्यात काही वाजलं, तशी उठून तिकडे गेली.

परतीच्या गाडीत श्रद्धा फार चिडलेली होती. सातारच्या स्टँडवर गाडी बदलताना तिच्या हातून पिशवी पडली, ती तिने लाथेने बाकाखाली सरकवली आणि मग वाकून उचलली. म्हणजे नानीलाही तेच हवं होतं, जे अमेरिकेला हवं होतं. दुखणं नको, बरं काहीतरी दाखव. मग इतके दिवस आपण कुणासाठी भांडत होतो? कराडपर्यंत तिला उत्तर सापडलं नाही. कराडच्या पुढे कधीतरी तिच्या लक्षात आलं की परदेशातल्या वाचकांनी झोपाळा मागितला होता, तुळस मागितली होती. झोप कुणीच मागितली नव्हती.

सोमवारी तिने ऋषिराजला नवा भाग दिला. पहिल्या चौकटीत कोंबडा. दुसरीत गोठ्यातून मान वर करून घराकडे बघणारी म्हैस. तिसरीत रिकामा कप हातात घेऊन दारात उभा असलेला नवरा. चौथीत अंथरुणावर ऊन पडलेलं आणि मनुबाई झोपलेली. फुगा एकही नाही.

"आणि मग?" ऋषिराजने विचारलं.

"मग काही नाही."

"नवरा उठवत नाही?"

"नाही."

"श्रद्धा, यात घडतं काय?"

"हेच घडतं."

त्याने कपाळ चोळलं, पण पेन्सिल काढली. भांडण झालं तरी दिलेलं काम तो कधी अडवायचा नाही. सेंटर बंद व्हायच्या वेळेला पहिल्या तीन चौकटी कच्च्या काढून झाल्या. म्हैस छान जमली होती. चौथ्या चौकटीवर त्याने पेन्सिल टेकवली आणि तिच्याकडे न बघताच विचारलं.

"झोपते कशी ती?"

"म्हणजे?"

"कुशीवर, की उताणी? हात उशाखाली घेते, की डोळ्यांवर? तुझ्या डोळ्यासमोर कुणीतरी असेलच ना. सांग."

श्रद्धाने सांगायला तोंड उघडलं. तिला मेढ्यातल्या सुट्ट्या आठवल्या. सकाळी डोळे उघडायचे तेव्हा शेजारचं अंथरूण घडी घालून कोपऱ्यात गेलेलं असायचं आणि मागच्या दारी धूर असायचा. डोळे मिटायच्या वेळी राखेने भांडी घासल्याचा आवाज यायचा. दुपारी सगळी लवंडली की नानी जात्याशी नाहीतर गोठ्यात. तापाने फणफणलेल्या श्रद्धाला मांडीवर घेऊन नानी एकदा अख्खी रात्र बसली होती. तेव्हाही ती बसलेलीच होती.

पेन्सिल तशीच कागदावर टेकलेली होती.

"मी बघितलेलं नाही," ती म्हणाली.

ऋषिराजने आता वर बघितलं.  स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला की त्याच्याही आईचं तसंच आहे, आता विचार करतोय तर डोळ्यासमोर येत नाही.

"गोधडी तोंडावरून ओढून घेतलीय, असं काढ," श्रद्धा म्हणाली.

गोधडी मात्र तिला पाठ होती. कुठलं ठिगळ आजीच्या लुगड्याचं, कुठलं लालासाहेबांच्या खाकी शर्टाचं, कडेचे टाके कुठे मोठे आणि कुठे बारीक, ते ती सांगत गेली आणि तो काढत गेला. चित्र पुरं झालं तेव्हा गोधडीखाली एक लहानसा उंचवटा होता, एवढंच. दोघेही बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग ऋषिराज म्हणाला की पुस्तकाचं तिने काय लिहायचं ते लिहावं. त्याचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

तिने मंडळाला कळवलं की दाताचा भाग राहील, बाकी निर्णय तुमचा. सचिवांचं उत्तर सभ्य होतं. यंदा वेळ कमी आहे, पुढे कधी जमल्यास पाहू. ऋषिराजने ते वाचलं. पुढचे काही दिवस तो सेंटरवर आला नाही. कोरेगावला जाऊन आलो, एवढंच त्याने नंतर सांगितलं.

झोपेचा भाग साइटवर चढवल्यानंतरच्या सोमवारी मात्र तो तिच्याबरोबर कॅफेत आला. प्लायवूडच्या भिंतीत एकाच खुर्चीची जागा होती, म्हणून तो मागे उभा राहिला. मेलचं पान उघडलं. इतक्या मेल एका भागाला कधी आल्या नव्हत्या. श्रद्धा पहिली वाचायला लागली, मग दुसरी, आणि मग नुसती डोळे फिरवत खाली गेली.

दुबईहून एकाने विचारलं होतं, मनुबाईला काय झालं? मेलबर्नच्या बाईंना फार काळजी वाटत होती, पुढचा भाग लवकर द्या म्हणाल्या होत्या. न्यू जर्सीहून कुणी लिहिलं होतं की चौथं चित्र बघून धस्स झालं, मुलगी विचारतेय, मनुबाई मेली का? एका डॉक्टरांनी साताऱ्यात कुणाला दाखवावं याचा सल्ला दिला होता. बहुतेकांचा प्रश्न एकच होता. मनुबाई आजारी आहे का?

ऋषिराज मागून वाकून वाचत होता. त्याचा श्वास तिला खांद्यापाशी जाणवत होता. तो हसेल असं तिला वाटलं, पण तो हसला नाही.

श्रद्धाने खुर्ची पुढे ओढली. उत्तराची चौकट उघडली.  तिने एक लांबलचक वाक्य लिहायला घेतलं, ते खोडलं. दुसरं घेतलं, तेही खोडलं. मग रोमन अक्षरांत, एकेक कळ दाबत, सगळ्यांना मिळून एकच उत्तर टाइप केलं.

नाही. झोपली आहे.