भामाबाईची रांग

फादर अमृत आमच्या लोणावळ्याच्या चर्चमध्ये बदलून आले आणि पहिल्याच महिन्यात ऑर्गनवर चादर पडली. त्याच्या जागी हार्मोनियम आणि तबला आला. मग वेदीजवळ समई आली. मग गाण्यांची पुस्तकं कपाटात गेली आणि भिंतीवर पडदा लागला. त्यावर गाण्याचे शब्द उमटायचे, बहुतेक वेळा एक कडवं उशिरा. रविवारची आठ वाजताची इंग्रजी मिस्सा महिन्यातून एकदाच उरली. ज्यांना इंग्रजी धड येत नव्हतं त्यांनीच तिच्यासाठी सगळ्यात जास्त हळहळ केली. त्यांत मीही होते.

पण मी ते सगळं पचवलं. मी शिवणकाम करते. कुणाकडे शिकले नाही. जुना पडदा उसवायचा, कसा शिवलाय ते बघायचं आणि तसाच परत शिवायचा, असं करत हात बसला. आता तुंगार्लीतल्या बंगल्यांचे आणि दोन हॉटेलांचे पडदे माझ्याकडे असतात. चर्चच्या वेदीवरचं कापड तर वीस वर्षं मीच शिवते. काही उसवलं म्हणून लगेच रडायचं नसतं, एवढं मला कळतं.

मग एका रविवारी फादरांनी जाहीर केलं, की यापुढे कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीच्या छोट्या चकत्या, वाटायला आपल्यातलीच तीन माणसं मदत करतील. आजारी माणसांच्या घरीही तीच घेऊन जातील. दोन पुरुष आणि एक बाई. पुण्याला त्यांचं शिक्षण होईल.

मी लक्ष नसल्यासारखा चेहरा केला. मनात मात्र साडीसुद्धा ठरली. पांढरी, बारीक निळ्या काठाची.

शनिवारी फादर घरी आले. मी चांगली बिस्किटं काढली.

"अनिताताई, तुमच्याकडे एक काम होतं."

"बोला ना, फादर."

"त्या तिघांसाठी पट्टे शिवायचेत. गळ्यात घालायला. पांढरे, त्यावर क्रूस भरलेला."

शिवले. एक टाका इकडचा तिकडे झाला नाही. ती बाई कोण, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आवाजातून सगळं कळलं असतं.

ती भामाबाई निघाली.

भामाबाईनं माझ्या घरी नऊ वर्षं धुणंभांडी केली. माहेर नगरकडचं, तिथल्या मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. नवरा परंदवडीला कारखान्यात, राहायला कुरवंड्याला. चार वर्षांपूर्वी तिनं माझं काम सोडलं आणि एका हॉटेलच्या भांड्यांवर लागली. चर्च आमचं एकच. मी डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, ती शेवटच्या. रविवारी आम्ही दोघी एकाच देवाला एकाच वेळी भेटायचो आणि सोमवारी ती माझी कढई घासायची. यात काही अवघड आहे असं मला नऊ वर्षांत एकदाही वाटलं नाही.

तिचा तो पहिला रविवार. आमच्याकडे कम्युनियनच्या दोन रांगा लागतात. उजवीकडची फादरांपुढे गेली, डावीकडची भामाबाईपुढे. ती उभी होती फिकट पिवळी साडी नेसून, गळ्यात मी शिवलेला पट्टा, दोन्ही हातांत पवित्र भाकरीनं भरलेला सोनेरी पेला. पेला तिनं असा धरला होता, की श्वास घेतला तरी सांडेल.

माझ्यापुढे तीन बायका होत्या. मग दोन. मग मी रांगेतून बाहेर पडले.

कसं झालं ते सांगते, कारण नंतर मी ते बऱ्याच प्रकारांनी सांगितलं. पाय आपोआप वळले असं नाही. मला तिचा हात दिसला आणि त्या हातात खरकटं दिसलं. नव्हतं. पण मला दिसलं. मी दोन बाकांच्या मधून आडवी चालत गेले आणि फादरांच्या रांगेत शिरले.

माझ्या मागे शालूबाई होती. माझी मैत्रीण. मी चर्चमध्ये गुडघे टेकले की ती टेकते, मी उठले की उठते. ती माझ्यामागे आली. तिच्यामागची तिच्यामागे. मी मागे वळून पाहिलं नाही, पण पायांचे आवाज ऐकू येत होते. सगळी डावी बाजू उजवीकडे सरकत होती.

आणि फादरांचा पेला संपला.

ते क्षणभर थांबले. मग अख्ख्या चर्चसमोर ते भामाबाईकडे चालत गेले. तिच्या भरलेल्या पेल्यातल्या निम्म्या भाकरी स्वतःच्या पेल्यात ओतून घेतल्या आणि परत आमच्याकडे आले. तबलेवाला थांबला होता. तिच्यासमोर कामगार वस्तीतली दोन माणसं तेवढी उभी होती.

घरी येताना सुहास, माझे यजमान, गाडी चालवत गप्प होते. ते रेल्वेतून रिटायर झालेले आहेत. बोलले की सिग्नल पडल्यासारखं मोजकंच बोलतात.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"गुडघा धरला होता. तिकडं पायरी आहे ना."

"पायरी दोन्हीकडं आहे."

"आणि फादरांचे अभिषेक झालेले हात ते अभिषेक झालेले हात. आपल्या आजीच्या काळी..."

"आजीच्या काळी तू असा पळण्याचा प्रकार केला असतास तर आजीनं झाडूनं हाणलं असतं," सुहास म्हणाले.

पुढच्या रविवारपासून मी उजव्या बाजूला बसायला लागले. पंख्याखाली, असं सांगून. शालूबाईही पंख्याखाली आली. भामाबाई दर रविवारी डावीकडे उभी राहायची. तिची रांग हळूहळू थोडी वाढली, बाहेरून फिरायला आलेले पाहुणे असायचे, त्यांना काय माहीत. मी तिच्याकडे बघायचं टाळायचे. आपण ज्याचं काही वाईट केलं, त्याच्याकडे बघवत नाही, आणि मग तोच आपल्याला तुसडा वाटायला लागतो. मला ती गर्विष्ठ झाल्यासारखी वाटायला लागली.

मग खंडाळ्याच्या एका बंगल्यात पडद्याचं माप घेताना मी स्टुलावरून पडले. घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

तिसऱ्या आठवड्यात फादरांचा फोन आला. सुहासनी स्पीकरवर ठेवला.

"अनिताताई, घरी कम्युनियन पाठवू ना? या शुक्रवारी तुमच्या बाजूला भामाबाई आहेत." थोडं थांबून ते म्हणाले, "अडचण असेल तर सांगा. मी पुढच्या महिन्यात स्वतः येईन."

त्यांना माहीत होतं. अर्थात माहीत होतं, पेला त्यांचा संपला होता. सुहास माझ्याकडे बघत होते. 'नाही' म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी 'हो' म्हटलं. हे काही फार पुण्याईचं 'हो' नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सुहासनी माझ्या पलंगाशी छोटं टेबल मांडलं. पांढरं कापड, क्रूस, दोन फुलं. प्रभू घरी येतो तेव्हा मेणबत्ती घेऊन दारात सामोरं जायची आमच्याकडे पद्धत आहे. तेव्हा अकराच्या सुमारास ते पेटती मेणबत्ती घेऊन पुढच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. वारा होता. ते तळहाताचा आडोसा करत होते, खिडकीतून मला दिसत होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराची कडी वाजली. आणि भामाबाई मागच्या दारानं आत आली.

नऊ वर्षं ती त्याच दारानं यायची. त्या दिवशीही तिचे पाय तिला तिकडूनच घेऊन आले. चपला बाहेर काढून, पदर डोक्यावर घेऊन, छातीशी कम्युनियनची छोटी सोनेरी डबी दोन्ही हातांनी धरून ती कढया, कुकर आणि भांड्यांच्या रॅकमधून माझ्याकडे येत होती.

"अगं, मागनं कशी..." मी म्हणाले आणि गप्प झाले. डबी जवळ असताना बोलायचं नसतं. तिनं फक्त मान हलवली.

सुहास धावत आले, विझलेली मेणबत्ती घेऊन. काडेपेटी शोधायला लागले. भामाबाईनं न बोलता फ्रिजवरच्या डब्यामागे हात घातला आणि काडेपेटी काढून दिली.

मग तिनं डबी पांढऱ्या कापडावर ठेवली, गुडघे टेकले, उठली आणि पुस्तिका उघडली. एरवी ती जशी बोलते तशी नाही, शाळेत वाचतात तशी वाचत होती. एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा.

"पवित्र विधीला सुरुवात करण्याआधी आपण आपली पापं आठवू या."

इथे थोडा वेळ शांत राहायचं असतं. ती शांत राहिली. सुहास शांत राहिले. बाहेर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, तिचं ते टूं टूं चाललं होतं.

"भामाबाई," मी म्हणाले, "त्या रविवारी माझा गुडघा दुखत नव्हता."

तिनं पुस्तिकेतून मान वर केली नाही.

"पायरीचं पण निमित्तच होतं. मी तुझी रांग मुद्दाम सोडली. तुझ्या हातून घ्यायला नको वाटलं मला. बाकीच्या माझ्यामागून आल्या. ते सगळं माझ्यामुळं झालं."

गाडीचं टूं टूं थांबलं. भामाबाईचं बोट पुढच्या ओळीवर होतं.

"अजून काय?" तिनं हळूच विचारलं.

मी विचार केला. "माझं नाव येईल असं वाटलं होतं मला. तुझ्या जागी."

ती थांबली. अजून काही येतंय का, हे बघत थांबली असावी. मग छापलेली पुढची ओळ वाचली. सर्वसमर्थ देव आपणावर दया करो. आपल्या पापांची क्षमा करो. क्षमा पुस्तकातली होती. तिची स्वतःची त्यात होती की नाही, मला कळलं नाही, आणि विचारायला तोंड नव्हतं.

प्रभो, तू माझ्या घरात यावंस अशी माझी योग्यता नाही, हे वाक्य मी जन्मभर म्हणत आले. घर चकचकीत ठेवणाऱ्या बाईच्या ठसक्यात म्हणत आले. त्या दिवशी ते सुहासनी म्हटलं, मी नुसते ओठ हलवले.

तिनं डबी उघडली.

"हातात देऊ का जिभंवर?"

कोरोनापासून सगळे हातातच घेतात. हातात घेतलं असतं तर तिचं बोट मला लागलंही नसतं. वरून अलगद टाकतात. मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले आणि तिच्यासमोर तोंड उघडलं.

"ख्रिस्ताचं शरीर."

"आमेन."

तिचं बोट माझ्या खालच्या ओठाला लागलं. टोकाला चिरलेलं होतं, खरखरीत. हॉटेलच्या भांड्यांनी चिरलं असेल. पण त्याआधी नऊ वर्षं भांड्यांची पावडर मीच आणत होते. दुकानदार सांगायचा, बाई, ही हात खाते, दुसरी न्या. मी म्हणायचे, भांडी चांगली निघतात.

शेवटची प्रार्थना झाली. तिनं डबी पुसली, पिशवीत ठेवली, पुन्हा छातीशी धरली. सुहास म्हणाले, "चहा टाकतो."

"न्हाई साहेब. अजून दोन घरं हायेत. मधी कुटं थांबायचं नसतं."

मला वाटलं ती तशीच जाईल. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली आणि वळली. बोलायचं नसतं, तरी बोलली, अगदी हळू.

"ताई, त्या दिशी फादर पेला घेऊन माझ्याकडं आले ना, तवा मला वाटलं माझंच काईतरी चुकलं. हात नीट धुतले न्हाईत का. साडीचा काय वास येतोय का. घरी जाऊन मी मालकाला विचारलं, वास घेऊन सांगा म्हणलं. ते हसाया लागले." ती स्वतः हसली नाही. "मग दर रविवारी दोनदोनदा हात धुवायचे. लय दिवस सोधत हुते, काय चुकलं ते. आता तुमी सांगितलंत. बरं झालं."

माफी मागून झाली होती, असं मी समजत होते. माफी कशाची मागायची, ते आत्ता कुठे कळायला लागलं.

"भामाबाई," शेवटी मी म्हणाले, "पुढच्या दारानं जा. साहेब उघडतात."

तिनं पुढच्या दाराकडे पाहिलं, मग मागच्या.

"चपला मागं हायेत," ती म्हणाली आणि रॅक चुकवत, डबी छातीशी धरून, स्वयंपाकघरातून निघून गेली.

सुहास तिच्या चपला पुढे आणायला धावले, पण तोवर ती त्या घालून निघाली होती. मला तर पलंगावरून हलताही येत नव्हतं. तिचं बोट लागलं होतं तिथे, खालच्या ओठावर, मी बोट ठेवून बसून राहिले.